मशिनीत घातलेलं गाऱ्हाणं

आमचं लेबल सुरू झालं ते गोव्यात धारगळला, हमरस्त्यापासून थोडं आत, घरामागच्या खोलीत. तिथे आधी काजूची पोती असत. लेबल म्हटल्यावर बाबांना बाटलीवरचा कागद आठवला. भाऊ त्यांना समजावून थकला, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, मुंबईच्या कुठल्या कंपनीच्या दारात जायचं नाही. आपली गाणी आपण करायची, आपणच लोकांपर्यंत पोचवायची. त्याला लेबल म्हणतात."

"मगे दुकान म्हणा गे," बाबा म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

आम्ही तिघं होतो. माझा धाकटा भाऊ रॅप करायचा, म्हणजे तालावर बोलायचा, आमच्याच बोलीत आणि बहुतेक वेळा रागाने. सर्वण गावचा त्याचा मित्र ताल बांधायचा. त्याचे वडील सिंधुदुर्गातून येऊन खाणीवर ट्रक चालवायचे आणि खाणी थांबल्यापासून घरी बसले होते. त्याच्या प्रत्येक तालाखाली कुठेतरी इंजिनाची घरघर असायचीच. मी डिचोलीच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे वायर असलेली कुठलीही वस्तू ताईला चालवता येते असा भावाचा ठाम समज. रेकॉर्डिंग आणि काटछाट अशी माझ्या गळ्यात पडली. भिंतींना जुन्या गाद्या बांधल्या, खिडकीला गोधडी लावली. तरी हायवेवरून अवजड गाडी गेली की कौलं थरथरायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

गाणी इंटरनेटवर टाकायचो, पण आमचा खरा प्रसार बसमधून झाला. म्हापशाच्या खाजगी बसचे ड्रायव्हर दिवसभर गाणी लावतात. त्यांच्या हातात पेनड्राइव्ह ठेवायचा, एवढंच. पेडण्याकडच्या आणि डिचोलीकडच्या बसमध्ये भाजीच्या पिशव्या मांडीवर घेतलेल्या बायका माझ्या भावाच्या शिव्या निमूट ऐकायच्या. मला मनापासून मजा वाटायची.

मग डोंगराचं गाणं आलं. आमच्या घरामागचा डोंगर बंगल्यांसाठी कापायला घेतला होता. बाहेरच्या लोकांना ती जमीन गावातल्याच एका माणसाने दाखवली होती. तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणायचो, पाठीमागे दलाल. माणूस बोलण्यात इतका गोड की त्यांच्याशी भांडायला गेलेला मनुष्य चहा पिऊन परत येई. भावाने त्यांच्यावर गाणं लिहिलं. नाव नव्हतं, पण त्यांची चालण्याची लकब आणि पांढऱ्या गाडीवरचा ओरखडासुद्धा होता. गावात कुणाला विचारायची गरज पडली नसती.

आता गाऱ्हाण्याचं सांगायला हवं. जत्रेच्या दिवशी देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने मागणं मागतात, ते गाऱ्हाणं. आमच्या देवळात ते बाबा घालतात, त्यांच्या आधी आजोबा घालायचे. एकेक वाक्य झालं की जमलेला गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो. तो होकार आल्याशिवाय पुढचं वाक्य उच्चारायचं नाही, अशी रीत आहे. भाऊ म्हणायचा, "ताई, बाबाच गावचे पहिले रॅपर. कोरससुद्धा घेऊन उभे राहतात."

त्या वर्षीच्या जत्रेतलं गाऱ्हाणं मी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. त्यात दरवर्षीचंच एक वाक्य होतं: "जो कोण ह्या गावाचा वायट चिंतीत आसात, तेची वाचा बंद कर रे म्हाराजा." आणि मागून सगळा गाव, "व्हय म्हाराजा." काकांवरचं कडवं संपतं तिथे आम्ही ते जसंच्या तसं जोडलं. सर्वणच्या मित्राने खालचा ताल काढून टाकला, नुसता बाबांचा आवाज ठेवला. ऐकून आम्ही तिघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या.

गाणं बसमध्ये वाजू लागलं. थोड्याच दिवसांत एका सकाळी काका आपल्याच अंगणात पडले. पक्षाघात. उजवा हात परत आला, पाय परत आला, वाचा आली नाही.

त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या मनानेच सोडल्या होत्या. त्यांचे डॉक्टर तसं स्पष्ट म्हणाले, आणि ते मी बाजारात सांगितलं, स्टाफरूममध्ये सांगितलं, बसस्टॉपवर उभी राहून घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि माझ्यापासून अर्धं पाऊल मागे सरायचे.

त्यानंतर आमचं लेबल जे वाढलं, ते असं वाढलं. गाणं फोनाफोनांतून दोडामार्ग, सावंतवाडीपर्यंत गेलं. डिचोलीची पोरं आपली गाणी घेऊन आमच्याकडे रेकॉर्डिंगला येऊ लागली. हरमलच्या एका शॅकने, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलने, आम्हाला बोलावलं. सूर्य अजून पाण्यावर होता आणि वाळूत माणूस मावत नव्हता. बाबांचा आवाज स्पीकरवर आला तेव्हा गर्दी आधीच गप्प झालेली होती, आणि मग सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" अर्थ न कळणारे विदेशी लोकही हात उंचावून ओरडले. परत येताना स्कूटरवर मागे बसलेला भाऊ माझ्या खांद्याशी वाकला. मग म्हणाला, "ताई, ते गाणं ऐकायला नव्हते आले गे. ते तेवढं एक वाक्य म्हणायला आले होते."

एक बाई आपल्या दिराचा फोटो घेऊन घरी आली. ह्याला गाण्यात घाला, म्हणाली. भाऊ हसला, पण ती हसली नाही. दुसऱ्या आठवड्यात डिचोलीचा एक ट्रकमालक नारळ आणि केळी घेऊन आला आणि आपल्याहून निम्म्या वयाच्या माझ्या भावाच्या पाया पडला. आपल्यावर गाणं करू नका, एवढंच त्याचं मागणं होतं. कोळीण भावाला किंमत न सांगताच चांगला मासा पिशवीत टाकायची. तो दुकानात शिरला की बोलणं थांबायचं. मला या सगळ्याचा संताप यायचा. शिकलेली, नोकऱ्या करणारी माणसं, आणि एका रॅपरला चळाचळा कापतात!

पण संतापापेक्षा मोठी माझी काळजी भावाची होती. लेबल बुडालं असतं तर मी चार दिवस रडले असते आणि शाळेत गेले असते. भाऊ मात्र बदलत चालला होता. काकांच्या घरावरून जायचं टाळून तो शेतातून वळसा घालायचा. लिहिलेल्या ओळींतून 'मर' खोडायचा, 'जळ' खोडायचा. देवळाच्या पायरीवर बसून देवाची टिंगल करणारा हा मुलगा, आणि एकदा मला विचारतो, "ताई, गोळ्या त्यांनी खरंच सोडल्या होत्या ना?" मी हो म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही, हे मला दिसत होतं. हा मुलगा आपल्या हातातून जातोय, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

मग एक दिवस काकांची बायको आली. मी भांडणाच्या तयारीत होते. ती ओट्यावर टेकली, पाणी प्यायली आणि बाबांना म्हणाली, "दादानू, तुमी घातल्यात, तुमीच काडा."

बाबांना तोवर कुणी ते गाणं ऐकवलं नव्हतं. तिने फोन काढून लावलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं, आपल्याच आवाजावर डोळे मिटले. ती गेल्यावर मला म्हणाले, "बाय, देवाक घातलेलो उतर, घातलेलो शब्द, गावाचो आसता. तो एका माणसावर सोडूचो नसता." आणि उठून आत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

देवळाची मंडळी बसली. घातलेलं गाऱ्हाणं पुसता येत नाही, वळवता येतं, असं त्यांतले सर्वांत वयस्कर गृहस्थ म्हणाले. "वळवायचं म्हणजे कुणाकडे?" मी विचारलं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. सगळे भावाकडे बघत होते.

मी त्या रात्री दोघांच्याही विनवण्या केल्या. म्हटलं, गाणं काढून टाकू, लेबल बंद करू, पण हे नको. बाबा म्हणाले, काढून टाकलेलं गाणं बसमध्ये वाजायचं थांबतं का? ते खरं होतं. भाऊ म्हणाला, "होऊ दे ताई. ती बाई रोज त्यांना भरवते गे, मी बघितलंय."

सोमवारी सकाळी गाव जमला. काकांना खुर्चीवर आणून बसवलं होतं. बाबा पुढे झाले. एकदोन वाक्यं नेहमीची झाली. मग ते म्हणाले, "ज्या कोणी तुज्या पायाकडलो उतर बाजारात न्हेलो..." आणि अडले. आयुष्यात ते गाऱ्हाणं घालताना कधी अडलेले मी पाहिले नव्हते. शेजारच्या गृहस्थांनी त्यांच्या कोपराला हात लावला. "...तेचो तेच्याकडे परतान दी, आनी ह्या खुर्चेर बसलेल्या लेकराक मोकळो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. त्यात सर्वांत मोठा आवाज माझ्या शेजारून आला. माझा भाऊ डोळे घट्ट मिटून म्हणत होता.

काका अजून बोलत नाहीत. भाऊ बोलतो. चहा मागतो, पाववाल्या पोदेराकडून उंडे घेतो, सर्वणच्या मित्राशी फोनवर तासन् तास बोलतो. फक्त माइकपुढे उभा राहिला, ताल सुरू झाला, की तोंड उघडतं आणि आवाज येत नाही. म्हापशाच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून बघितलं. घसा साफ आहे. बाकीच्यांची गाणी आम्ही काढतो, लेबलकडे आता पूर्वीपेक्षा जास्त पोरं येतात, आणि जो तो आधी त्याच्याबद्दल दबक्या आवाजात विचारतो.

परवा पुन्हा प्रयत्न केला. ताल चालू होता, भाऊ माझ्याकडे पाठ करून माइकपुढे उभा होता, कानांवर हेडफोन. बाबा त्या खोलीत कधी येत नाहीत, ते दारात आले.

"बोललो तो?"

मी नकारार्थी मान हलवली. बाबांनी चपला काढल्या, उंबऱ्यातच हात जोडले. समोर देव नव्हता, माझी मशीन होती, भिंतीला बांधलेल्या गाद्या होत्या. "बा देवा म्हाराजा," ते म्हणाले, "माज्या पोराची वाचा परत दी रे म्हाराजा." आणि थांबले. होकार आल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नव्हतं. भावाला ऐकू जात नव्हतं, आणि खोलीत बाकी मी एकटीच होते.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. बाबा वाट बघत होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.