शून्य ओळींच्या आधी आलेली एक ओळ

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. या ग्रुपवर कित्येक वर्षं नुसती वाचते, आणि खरं सांगायचं तर निम्म्या अनुभवांना मनातल्या मनात ‘ॲसिडिटी झाली असेल’ म्हणून मोकळी होते. माझं कामच तसं आहे. डेटाबेस सांभाळते. प्रश्न नीट विचारला तर उत्तर नीट येतं, वाकडा विचारला तर वाकडं येतं – पण कारण सापडतंच. हा एकच किस्सा असा, की ज्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

मी राहते निगडीला, प्राधिकरणात. नोकरी चाकणला. आमची कंपनी दुचाकीच्या पुढच्या चाकाचे ॲक्सल बनवते – म्हणजे चाक ज्याच्यावर फिरतं तो दांडा. तयार ॲक्सल क्रेटमध्ये भरतात, त्याला आमच्याकडे बिन म्हणतात. प्रत्येक बिनला नंबर आणि बारकोड. माल गाडीत चढण्याआधी एकेक ॲक्सल खास दिव्याखाली धरून तडा आहे का ते बघतात. हे काम तापकीरकाकांचं. काका चऱ्होलीचे, रिटायरमेंटला थोडेच महिने राहिलेले. तपासलेल्या प्रत्येक ॲक्सलवर ते हिरव्या रंगाचा ठिपका देतात, बिन संपला की स्कॅनरनं बारकोड मारतात, आणि ती नोंद माझ्या डेटाबेसमध्ये येते.

दसऱ्याची सुट्टी संपून कंपनी उघडली, त्या सकाळची गोष्ट. गाडी भरून गेटपाशी उभी होती आणि काका माझ्या टेबलापाशी आमचे प्लँट हेड कदम सर यांच्याशी वाद घालत होते. झालं होतं असं – खंडेनवमीला मशीनच्या पूजेसाठी सगळ्यांना हाक आली, तेव्हा काकांच्या टेबलापाशी एक बिन तपासायचा राहिला होता. आरती करून, पेढा खाऊन परत येतात तर बिन जागेवर नाही. कुणीतरी तपासलेल्यांत ढकलून दिला होता. काकांनी तेव्हाच सुपरवायझरला सांगितलं, पण सणाच्या गडबडीत कुणी मनावर घेतलं नाही. नंबर काही काकांनी बघितलेला नव्हता.

“सायेब, एक बिन तसाच गेलाय गाडीत. आमी खोटं कशापायी बोलू?”

“काका, शंभराच्या वर बिन आहेत. सगळे उतरवत बसू का? तिकडे कस्टमरची लाइन थांबेल.” सर माझ्याकडे वळले. “मॅडम, सिस्टिममध्ये बघा. तपासणीची नोंद नसलेला बिन निघाला तर थांबवतो, नाहीतर गाडी सोडतो.” आणि हळूच म्हणाले, “काकांचं वय झालंय हो आता.”

मला ते आवडलं नाही. तडा गेलेला ॲक्सल कुणाच्या तरी चालत्या गाडीखाली तुटला तर काय होईल, हे सरांनाही ठाऊक होतं. माझा नवरा रोज आकुर्डीहून दुचाकीवरच घरी येतो.

क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, साधी होती. गाडीतले असे बिन दाखव, जे तपासलेल्यांच्या यादीत नाहीत. ‘नॉट इन’ वापरून दोन ओळींत लिहिली, चालवली. एक ओळ आली. बिन नंबर ४४१७.

पॅडवर नंबर उतरवून घेतला. सरांना प्रिंट द्यावी म्हणून तीच क्वेरी परत चालवली, एक अक्षरही न बदलता... शून्य ओळी. तिसऱ्यांदा चालवली – शून्य.

“शून्य ना? झालं तर मग,” सरांनी गेटला लावायला फोन उचलला.

“सर, थांबा. ४४१७ उघडून बघू या. एकच बिन.”

“स्क्रीनवर तर काहीच नाही.”

“आत्ता होता, सर.”

“मॅडम, आता तुम्ही पण?”

पण त्यांनी पाच मिनिटं दिली. बिन मागच्या थरात होता. उघडला, आणि आतल्या एकाही ॲक्सलवर हिरवा ठिपका नव्हता. काकांनी सगळे दिव्याखाली धरले. दोन ॲक्सलना केसाएवढा तडा होता. कदम सर तिथल्याच स्टुलावर बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “काका, चुकलं माझं.”

इथपर्यंत नशीब म्हणता येईल. खरा गुंता दुपारी झाला, मी कारण शोधायला बसले तेव्हा.

खंडेनवमीला हळदीकुंकवाचं ताट माझ्या हातात होतं. मशीन, कॉम्प्युटर सगळ्यांना लावत गेले आणि हौसेनं स्कॅनरलाही लावलं... नेमकं काचेवर! पूजेनंतर कुणी ती काच पुसेपर्यंत अकरा बिन स्कॅन झाले, पण नंबर वाचलाच गेला नाही. अकरा नोंदी कोऱ्या गेल्या. कोरी नोंद न घेण्याची अट मीच टाकायला हवी होती, टाकली नव्हती. आणि यादीत एक जरी जागा कोरी असली तरी ‘नॉट इन’ आंधळं होतं. त्या कोऱ्या जागी कुठलाही नंबर असू शकतो, म्हणून अमुक बिन यादीत नाही असं डेटाबेस छातीठोकपणे सांगू शकत नाही. मग तो शून्य ओळी देतो. हे मी नव्या मुलांना स्वतः शिकवते, आणि घाईत स्वतःच विसरले.

म्हणजे शून्य बरोबर होतं. त्या क्वेरीतून एकही ओळ येणं शक्यच नव्हतं. मग ४४१७ कुठून आला?

पुढे ऐका. क्वेरी दुरुस्त करून चालवली तर बारा बिन आले. कुंकवापायी नोंद हुकलेले अकरा आणि बारावा ४४१७. डेटाबेसमध्ये ते बाराही अगदी सारखे दिसतात. हिरवा ठिपका कुठल्याच टेबलात नाही, तो फक्त लोखंडावर आहे. बरोबर क्वेरीलासुद्धा त्यातला एक नेमका निवडता आला नसता.

सर्व्हरचा लॉग काढला. तिन्ही वेळची नोंद आहे, तिन्ही वेळा शून्य. टीममधले म्हणाले, मध्येच कुणी डेटा बदलला असेल. तेही तपासलं, कुणीही हात लावलेला नव्हता. नंबर आधी कुठे बघितला असेन म्हणावं, तर पूजेच्या दिवशी मी बिनचे नंबर बघितलेच नव्हते, आणि गाडी भरताना लोडिंगकडे फिरकलेही नव्हते. आणि पॅडवर माझ्या अक्षरात ४४१७ आहे, बिन उघडायच्या आधी लिहिलेला.

आठवडाभर डोकं खपवून शेवटी काकांना सगळं सांगितलं. कुंकवाचंही सांगितलं, माफी मागितली. म्हटलं, काका, तो नंबर मशीननं दिलेलाच नाही म्हणे. भीती नाही वाटत, पण चैन पडत नाही.

काका हातातला ॲक्सल दिव्याखाली फिरवत होते. वर न बघता म्हणाले, “मॅडम, मी खंडेनवमीपास्नं खरं सांगत हुतो. येकाबी माणसानं ऐकलं न्हाई. तुमच्या मशीननं ऐकलं, तर त्याचंच येवढं नवल करताय व्हय?”

ठिपका देऊन त्यांनी पुढचा ॲक्सल उचलला.