वीतभर आखूड वल्हं

नाव: काइपो नालुआई. वय: बावन्न. हुद्दा: फळीवर उभ्याने वल्हवत लाटेवर स्वार होताना पाठ कशी सांभाळावी, या विषयाचे प्रमाणित प्रशिक्षक, माकाहा किनारा, हवाई.

त्या सकाळी प्रशिक्षक पाण्यात विद्यार्थ्यांवर नेहमीसारखे भडकलेले होते. "गुडघे वाकवा, कंबर नको! वल्हं पायाशी आलं की बाहेर! मागे कुठवर ओढताय, होनोलुलूपर्यंत?"

उथळ पाण्यात उभी असलेली त्यांची बहीण लेइमोमी तितक्याच जोरात ओरडली, "आधी स्वतःकडे बघ! कुबड काढून वल्हवतोयस. बाबा तुझ्याहून वीतभर बुटके होते, त्यांचं वल्हं तुला पुरेल कसं? शनिवारी स्पर्धेत उतरायचंय ना?"

"बाबांनी हाताने तासलेलं कोआच्या लाकडाचं वल्हं टाकून प्लास्टिकचं घेऊ? लाज नाही वाटत तुला?"

आणि रागाच्या भरात काइपोने वाकून, कंबर पिळून, वल्हं पायांच्या पार मागे ओढलं. पाठीत कट्कन आवाज झाला.

प्रमाणित प्रशिक्षकांना चार विद्यार्थ्यांनी त्यांच्याच फळीवर पालथं घालून गाडीपर्यंत नेलं. शनिवारची स्पर्धा त्यांनी घरी, पालथं पडून, किनाऱ्याकडच्या खिडकीतून ऐकली.