लातूर ते वेंगुर्ला, समुद्रमार्गे

आमच्या थोरल्या साडूंइतका समुद्रावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल, आणि त्यांच्याइतका समुद्र कमी पाहिलेलाही नसेल. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणत आलो. मूळचे उमरीचे, लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा नकाशे काढायला इथल्या एका कचेरीत आले. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला, रत्नागिरीला, एका सहकाऱ्याच्या लग्नात. पंगतीला शेजारी एक तांडेल बसले होते, शिडाच्या गलबताचे मालक. श्रीखंड संपेपर्यंत दोघांचं ठरलं होतं: थंडीत रत्नागिरीहून निघायचं, खडकाळ किनारा डाव्या हाताला ठेवून विजयदुर्ग, देवगड, मालवण करत वेंगुर्ल्याला उतरायचं.

त्यानंतर चार वर्षं दाजी नुसते निघत होते. सकाळी गच्चीवर काठीला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून वारा बघत. लातूरच्या वाऱ्याचा तिकडं काय उपयोग, असं मी विचारलं तर म्हणाले, "नजरेला सवय लावून राहिलोय." तांडेलांना पोस्टकार्डावर पोस्टकार्ड जाई. मतलई वारा, म्हणजे सकाळी जमिनीवरून सुटणारा, किती वाजेपर्यंत टिकतो? विजयदुर्गाजवळचे पाण्याखालचे खडक ओहोटीला दिसतात का? उत्तर आलं की ते किनाऱ्याच्या नकाशावर बारीक अक्षरात चढे. शहरात नळ दहा दिवसांनी यायचा, त्या दिवसांत त्यांनी गलबतावरचं पाणीही ठरवून टाकलं: माणशी रोज एक घागर. माझी मेहुणी, आम्हा सगळ्यांची अक्का, म्हणाली, "म्हंजी घरच्यापेक्षा जास्त! मीबी येते की मग."

अखेर रजा मंजूर झाली, ती नेमकी लागोपाठ तिसऱ्या दुष्काळाच्या वर्षी. कचेरीत सगळे इतके थकलेले, की माणसं वाक्यसुद्धा अर्ध्यावर सोडून देत. टँकरनं कुठल्या वाटेनं कुठल्या गावी जायचं, याचा नकाशा दाजींनीच काढला होता. निघायच्या आदल्या दुपारी नव्या जिल्ह्याच्या हद्दीजवळच्या एका वाडीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन कचेरीच्या दारात येऊन बसल्या. एक म्हातारी थेट दाजींच्या टेबलापाशी आली.

"सायेब, पंधरा दिस झाले, टँकर फाट्यावरून सरळ निघून जातो. आमची वाडी कागदावर हाय का न्हाई?"

दाजींनी नकाशा उघडला. वाडी नव्हती. ओढ्याची रेघ तिच्या जागेवरूनच गेली होती.

"न्हाई, माय," ते म्हणाले. "माझ्याच हातून राहिली."

चूक गुपचूप दुरुस्त करून त्यांना निघता आलं असतं. त्यांनी रजेचा अर्ज परत घेतला आणि उन्हाळा संपेपर्यंत रोज सकाळी टँकरच्या ड्रायव्हरशेजारी बसून त्या वाडीत जाऊन आले. मी म्हटलं, "दाजी, आता वाडी नकाशात आलीय. तुम्ही कशाला बेजार होता?"

"पाणी उतरलेलं बघून आलो, की जेवण जातंय," एवढंच बोलले.

पुढच्या थंडीत त्यांना काविळीनं गाठलं. त्याच्या पुढच्या वर्षी तांडेलांचं कार्ड आलं: गलबत विकलं. दाजींनी ते मला दाखवलं, अक्काला नाही.

ते निवृत्त झाले त्या वर्षी तांडेल तुळजापूरला देवीच्या दर्शनाला आले, आणि वाट वाकडी करून लातूरला उतरले. जेवणं झाल्यावर आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत बसलो. आजारानंतर दाजी पार उतरले होते. बोलताना मध्येच दम घ्यावा लागे. तांडेलांनी त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं आणि कुणी न विचारताच सुरुवात केली: बंदरातून सकाळी किती वाजता सुटायचं, शीड कुठं आवरायचं, कुठला खडक किती लांबून टाळायचा, विजयदुर्गाच्या खाडीत शिरताना पाण्याचा रंग कसा पालटतो. दाजी डोळे मिटून "हाव, हाव" म्हणत हुंकार देत होते. देवगडच्या आसपास ते हाव थांबलं. बारीक घोरण्याचा आवाज येऊ लागला. मी तांडेलांना, राहू द्या आता, अशी खूण केली. त्यांनी नकारार्थी मान हलवली, आवाज अगदी खाली आणला, आणि तसंच सांगत सांगत मालवण मागं टाकून ते वेंगुर्ल्याला पोचले.