गौरवफलकाची मागची बाजू

क्लेगडेनच्या शाळेत मेव्हिस टॅटर्सलने अठ्ठावीस वर्षं स्वयंपाक केला. तिचं कस्टर्ड असं घट्ट की चमचा सोडला तर उभा राहायचा. गावातले अर्धे पोलीस आणि झाडून सगळे न्हावी त्या कस्टर्डवर पोसलेले. भले भले दांडगट तिच्यापुढे ताट धरताना आवाज खाली आणायचे.

"मटार नकोत, मिसेस टॅटर्सल."

"नकोत? मटारांना विचारलंस?" म्हणेपर्यंत मटार ताटात पडलेले असायचे.

आता ही शाळा म्हणजे मुळात दोन शाळा. अकराव्या वर्षी एक परीक्षा व्हायची. पास होणारा टेकडीवरच्या ग्रामर शाळेत जायचा, लॅटिन शिकायचा, वकील व्हायचा. नापास होणारा खाली मिल लेनच्या शाळेत यायचा, रंधा मारायला नाहीतर पीठ मळायला शिकायचा. मेव्हिस नापास झाली होती आणि तिचा नवरा फ्रँकही. पुढे सरकारला सुबुद्धी झाली, एकाहत्तर साली दोन्ही शाळा एक झाल्या, टेकडीवर. मिल लेनची इमारत पाडली. तिथं आता सुपरमार्केट आहे आणि जिथं मेव्हिस पहिल्यांदा पीठ मळायला शिकली, तिथं तयार पिठाची पाकिटं मिळतात. हे ती मोठ्या चवीने सांगायची.

नव्व्याण्णव साली शाळेची पंचाहत्तरी आली. म्हणजे टेकडीवरच्या शाळेची. निवृत्त लॅटिन शिक्षक लोमॅक्स सरांनी शाळेचा इतिहास लिहिला. ते दोनशे पाहुण्यांच्या चहाचं सांगायला सोमवारी स्वयंपाकघरात आले, तेव्हा छपाईआधीची प्रत काखेत होती. मेव्हिसने एप्रनला हात पुसले आणि ती मागून घेतली.

"आमची शाळा कुठाय यात, सर?"

"आहे की. पान एक्केचाळीस, शेवटून दुसरी ओळ."

तिने वाचलं. 'याच वर्षी मिल लेन येथील मुलांचीही सोय करण्यात आली.'

"सोय? आम्ही काय पुरात वाहून आलो होतो?"

"इतिहासाला पुरावा लागतो, टॅटर्सलबाई. मिल लेनचा एक कागद राहिलेला नाही."

"कसा राहील? कचऱ्याच्या गाडीत भरताना मी डोळ्यांनी पाहिलंय. वरच्या थराला आमची हजेरीपत्रकं होती!"

"तो कमिटीचा निर्णय होता. काही सापडलं तर आणा. शुक्रवारी पुस्तक छापायला जातंय."

मेव्हिसने चार पानं मागे उलटली आणि तिथंच थांबली. सभागृहातल्या ओकच्या गौरवफलकांबद्दल लिहिलं होतं. विद्यापीठात गेलेल्या मुलांची नावं सोनेरी अक्षरांत मिरवणारे तीन मोठे फलक. 'मँचेस्टरच्या नामांकित कारागिरांकडून करवून घेतलेले.'

"हे आमच्या पोरांनी केलेत, सर. फ्रँकच्या वर्गानं. मागं सगळ्यांनी नावं लिहिलीत."

लोमॅक्स सर हसले. "फ्रँकनं सायकलएवढा मासाही पकडला होता ना?"

इथं मेव्हिसने प्रत सरांच्या हातात परत ठेवली. कारण फ्रँक, देव त्याचं भलं करो, पट्टीचा थापाड्या. तो जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या माशाचं काय खरं नि काय खोटं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

पण गुरुवारी दुपारी जेवणाच्या वेळी, सभागृहात तीनशे पोरं चमचे वाजवत असताना, तिची नजर वर गेली. जेवण सभागृहातच व्हायचं, म्हणजे अठ्ठावीस वर्षं ते फलक तिच्या डोळ्यांसमोर होते. पण स्क्रूकडे कोण बघतंय? मधल्या फलकाला पितळेचे आठ स्क्रू होते आणि आठांच्याही खाचा अगदी उभ्या, एका रेषेत. हायवर्थ मास्तरांचा नियम! मिल लेनच्या सुतारशाळेत खाच तिरकी राहिली की मास्तर सगळं काम पुन्हा खोलायला लावायचे. फ्रँकनं घरातली शेवटची बिजागरीसुद्धा तशीच बसवली होती.

मेव्हिसने मटारांचा डाव खाली ठेवला. मिक्सरचं झाकण आवळायचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ती जेवणाच्या टेबलावर चढली. स्वयंपाकघरातल्या दोघी मदतनीस तिच्या मागोमाग आल्या.

"एड्ना, ग्लेनिस, फलक धरा गं खालून. मणभर आहे, बोटं सांभाळा."

"मेव्हिस, नोकरी जाईल!" एड्ना म्हणाली, पण हात लावलाच.

"जाऊ दे. उद्याची लापशी त्यांनी ढवळावी."

सभागृहातले चमचे थांबले. मुख्याध्यापिका एन्टव्हिसलबाई धावत आल्या, त्यांच्यामागे पंचाहत्तरीच्या बैठकीला आलेले लोमॅक्स सर.

"खाली उतरा, मिसेस टॅटर्सल!"

"उतरते. आठवा स्क्रू राहिलाय."

फलक खाली आला. मागं कोरं लाकूड निघालं तर? फ्रँक थापाड्या, ती वेडी आणि मिल लेन कायमची पुसली गेली.

तिघींनी फलक उलटा केला.

सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेलं होतं, जसंच्या तसं. 'मिल लेन शाळा, सुतारकाम, चौथं वर्ष, ब वर्ग, मार्च १९५३.' खाली चौदा नावं. सहावं फ्रँक टॅटर्सल. आणि सगळ्यात खाली त्याच्याच वाकड्या अक्षरात, 'पुढे आम्हाला जागा नाही म्हणून इथे.'

लोमॅक्स सरांनी चष्मा लावला. चौदाही नावं वाचली, मग पुन्हा वाचली.

"हा पुरावाच आहे," ते शेवटी म्हणाले. "मी प्रकरण लिहितो. आज रात्रीच बसतो."

"ओळ नाही. प्रकरण."

"प्रकरण म्हणालो मी, बाई."

एन्टव्हिसलबाईंनी घसा साफ केला. "छान. आता पंचाहत्तरीच्या आत हा सरळ करून लावा."

"लावणार," मेव्हिस म्हणाली, "पण असाच. नावं बाहेर."

"अहो, मग पुढच्या मुलांची नावं भिंतीकडे होतील! त्यातले दोन न्यायाधीश पाहुणे म्हणून येणार आहेत!"

"आमच्या पोरांनी सेहेचाळीस वर्षं भिंतीकडे तोंड करून काढली. न्यायाधीशांना एक दुपार जमेल. नाही जमलं तर चहा त्यांनीच करावा, दोनशे कप."

मागच्या बाकावरून कुणीतरी टेबल बडवायला लागलं आणि बघता बघता तीनशे चमचे वाजू लागले. एन्टव्हिसलबाईंनी लोमॅक्स सरांकडे पाहिलं. सर अजून नावंच वाचत होते.

मेव्हिस पुन्हा टेबलावर चढली. एड्ना नि ग्लेनिसनं फलक उचलून धरला, नावं बाहेर. तिनं आठही स्क्रू आवळले. शेवटच्याची खाच जराशी तिरकी राहिली, तेव्हा तिनं तो सोडवला आणि पुन्हा, अगदी उभा बसवला.