हजर श्रोते : एक

दवंडी दोनदा पिटून झाली होती. चावडीच्या ओट्यावर मी, एक टेबल, एक खुर्ची आणि व्हाइसरॉयसाहेबांच्या भाषणाचं मराठी भाषांतर. समोर कुणी नाही. एक कुत्रं होतं, तेही उठून गेलं.

पाटलांना निरोप धाडला. उलट निरोप आला, "अंगात ताप हाय, यायला जमायचं न्हाय." अर्ध्या तासापूर्वी याच पाटलांना मी माडाखाली उभं राहून नारळ उतरवून घेताना पाहिलं होतं. चांगले खणखणीत ओरडत होते.

गाव अलिबागेपासून दोन कोसांवर, समुद्रकाठच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांचं. नाव सांगत नाही. त्या घरांतली माणसं अजून आहेत.

मी तेव्हा अलिबागेला कलेक्टर कचेरीत ज्युनियर ट्रान्सलेटर होतो, तोही हंगामी. काम साधं होतं. इंग्रजीत हुकूम आला की त्याचं मराठी करायचं. हिवाळ्यात मात्र एक मोठा ऐवज येई. व्हाइसरॉयसाहेब दिल्लीच्या कायदेमंडळापुढे वर्षाचं भाषण करीत. कायदेमंडळ म्हणजे थोडे निवडून आलेले आणि थोडे सरकारने नेमलेले सभासद बसून कायद्यांवर बोलत, ती सभा. एरवी त्या भाषणात काय असायचं? पाऊसपाणी, रेल्वे, सरहद्द, बादशहांचा निरोप. मराठी करता करता मला डुलकी लागायची.

त्या वर्षी डुलकी लागली नाही. कायदेभंगाचा दुसरा हंगाम चालू होता आणि साहेबांनी निम्मं भाषण एका पक्षावर खर्च केलं होतं. देशाचं हित कुणाला कळतं, कुणाला कळत नाही, समंजस सभासद कोण, लोकांना नादी लावणारे कोण, सगळं नाव न घेता, पण शेंबड्या पोरालाही कळेल असं. आणि ज्यांना हे सुनावलं जात होतं त्यांच्यातले बरेचसे तुरुंगात. ते उत्तर देणार कुठून? उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. कुठे वाजवल्या तेही इंग्रजी प्रतीत कंसात छापलं होतं.

मी हेडक्लार्कना विचारलं, "टाळ्यांचंही भाषांतर करायचं?"

"छापलंय ना? मग करायचं. तुला शहाणपणाचा पगार मिळत नाही."

मग हुकूम निघाला की निवडक गावांत हे भाषण चावडीवर वाचून दाखवावं. निवडक म्हणजे चळवळीची गावं. वाचायला कोण जाणार? ज्याने भाषांतर केलं तो. सोबत सर्टिफिकेटचा नियम होता. ऐकणाऱ्या किमान पाच जणांच्या सह्या किंवा अंगठे आणायचे. त्यात कुणी लिहिणारा असेल तर त्याने 'भाषण अथपासून इतिपर्यंत ऐकले' हा मजकूर स्वहस्ते लिहून खाली नाव घालायचं. ते सर्टिफिकेट आलं नाही तर वाचन झालं नाही असं धरायचे. आणि माझं कायम होणं त्या महिन्यात कलेक्टरसाहेबांच्या टेबलावर होतं.

गंमत म्हणजे मला वाईट वाटत होतं ते नोकरीचं नव्हे. सरकारी नोकराशी बोलायचं नाही असं गावोगाव ठरलं होतं. अलिबागेत खाणावळीच्या बाई ताट ठेवत आणि तोंड फिरवत. न्हाव्याकडे गेलो तर म्हणाला, "वस्तरा धारेला दिलाय." पंधरा दिवसांनी गेलो तरी वस्तरा धारेलाच! दाढी वाढवून हिंडलो. शेजारच्या खोलीतला मास्तर रोज 'काय, जेवलात का?' विचारायचा, तोही जिन्यात भिंतीकडे बघून जायचा. मी मूळचा माणगावकडचा, भातशेतीवाल्या घरातला. गावी दिवसभर कुणी ना कुणी हाका मारतंय. इथे मला माझाच आवाज ऐकून किती दिवस झाले होते देव जाणे. संध्याकाळी खोलीत बसून मी भाषांतर मोठ्याने वाचायचो, तपासायला नव्हे, आवाज यावा म्हणून. वेड लागायची पाळी आली होती.

तर चावडीवर मी बसलो होतो. उन्हं डोक्यावर आली. तेवढ्यात समोरच्या बेड्यातून, म्हणजे वाडीच्या बांबूच्या फाटकातून, एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, खादीचा सदरा, हातात अडकित्ता आणि दोन सुपाऱ्या. ओट्याच्या कडेला बसले.

"सुरू करा."

"आपण?"

"मला बापूमास्तर म्हणतात. शाळा सोडली सरकारची, नाव तेवढं राहिलंय."

"एकट्यासाठी वाचू?"

"साहेब दिल्लीला रिकाम्या बाकांपुढे बोलले. तुम्हाला निदान मी आहे. वाचा, रावसाहेब!"

मी वाचायला लागलो. त्यांच्या पक्षाची खरडपट्टी आली तसा माझा आवाज खाली गेला. ते म्हणाले, "मोठ्याने हो! आमच्याबद्दलचं आहे, आम्हाला ऐकू नको यायला?" मग 'सभागृहात टाळ्या' असं मी वाचलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने दोन टाळ्या वाजवल्या. मला हसू फुटलं. तेही हसले. महिन्याभरात मी कुणाबरोबर हसलो नव्हतो.

दोन-तीन वाक्यं त्यांनी परत वाचून घेतली. एक तर तीनदा. मला वाटलं, भाषांतर आवडलं. मी फुशारून गेलो.

वाचन संपल्यावर त्यांनी वाडीतून शहाळं मागवलं. मला, सरकारी माणसाला! म्हणाले, "तुम्ही कुठले?"

"माणगावकडचा."

"भात झोडून झालं असेल. आता रानात काय?"

"वाल. भाऊ बघतो."

"कसे आहेत यंदा?"

"ठाऊक नाही. बऱ्याच दिवसांत पत्र नाही."

"त्याचं नाही की तुमचं नाही?"

मी शहाळं या हातातून त्या हातात घेतलं. ते म्हणाले, "अहो, लिहा की त्याला. वाल कसे आलेत विचारा. आणि मलाही कळवा." मी शहाळ्यात तोंड घातलं.

मग मी सर्टिफिकेट काढलं. त्यांनी सहीसाठी हात पुढे केला. मी म्हणालो, "मास्तर, नुसती सही नको. मजकूर स्वहस्ते लिहायचा आहे."

"सहीने भागत नाही?"

"नियम आहे. मी हंगामी आहे, मास्तर. कागद धड गेला नाही तर घरी बसवतील."

त्यांनी टाक हातात घेतला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. दोन ओळींचा मजकूर, त्याला एवढा विचार कसला, असं माझ्या मनात आलं. मग त्यांनी लिहिलं. अक्षर असं की बघत राहावं. मी तोंड भरून कौतुक केलं. त्यांनी टाक माझ्यापुढे ठेवला आणि सुपारी कातरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कनी कागद बघितला. "एक? अरे, पाच पाहिजेत!"

"एकच आला होता."

"मग हा फाडून टाक, दुसरा फॉर्म घे आणि पाच अंगठे मार. दहा बोटं आहेत ना तुला? सगळे तेच करतात."

"मी नाही करणार."

"हरिश्चंद्राचा अवतार!" म्हणाले आणि कागद तसाच वर पाठवला. मीच वर लिहिलं होतं, 'हजर श्रोते : एक'. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तो आठवला की आजही कानशिलं तापतात.

आठवड्याने पोलीस इन्स्पेक्टर कचेरीत आले. त्यांच्या हातात बुलेटिन होतं. त्या दिवसांत चळवळीची पत्रकं बंदी मोडून निघत. छापखाना जप्त होई, म्हणून मेणकागदावर हाताने लिहायचं आणि सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या. छापखान्याचं नाव लपवता येतं, अक्षर लपवता येत नाही. एरवी लिहिणारा कोण ते कळायला मार्ग नसे, कारण तुलनेला त्याच्या हातचा कागद सरकारकडे नसे.

इन्स्पेक्टरांनी बुलेटिन माझ्या टेबलावर ठेवलं. शेजारी माझं सर्टिफिकेट. बुलेटिनात व्हाइसरॉयसाहेबांच्या भाषणाला मुद्देसूद उत्तर होतं. ज्या वाक्यांना उत्तर दिलं होतं ती माझी वाक्यं होती, शब्दाला शब्द. तीनदा वाचून घेतलेलं वाक्य सर्वांत वर होतं.

"एकच हात वाटतो," इन्स्पेक्टर म्हणाले.

"मला अक्षरातलं कळत नाही, साहेब."

"तुमचं मत कुणी विचारलंय? हा कागद तुमच्यासमोर त्या माणसाने लिहिला, एवढ्यावर सही करा. खरं आहे ना?"

खरंच होतं. मी सही केली.

त्या दिवसापासून एक गोष्ट मला कुरतडू लागली. बापूमास्तर माझ्यासाठी आलेच नव्हते. त्यांना भाषण हवं होतं. टाळ्या, शहाळं, वाल, सगळं त्यासाठी. महिन्याभरात एक माणूस बोलला, तोही कामापुरता! त्यांना मी पकडून दिलं याचं दुःख होतंच, पण लाज वाटते सांगायला, हे दुसरं जास्त डाचत होतं.

खटला अलिबागेलाच झाला. मी साक्षीदार. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "आरोपीला हा मजकूर लिहायला कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "मी." बापूमास्तरांनी काही उलट विचारलं नाही. एक वर्ष सक्तमजुरी लागली.

त्यांना बाहेर नेत होते तेव्हा मी व्हरांड्यात खांबाला टेकून उभा होतो. ते थांबले. शिपाई दंडाला धरून ओढत होता.

"काय हो, वाल कसे आले?"

मला आधी कळेचना. मग म्हणालो, "मी पत्रच लिहिलं नाही, मास्तर."

"काय माणूस आहात! लिहा की," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. आता त्यांना माझ्याकडून कुठलंही भाषण नको होतं.

महिनाअखेर मी कायम झालो. ऑर्डरमध्ये माझ्या प्रामाणिकपणाचा खास उल्लेख होता. पुढे बरीच वर्षं मी ती भाषणं मराठीत आणली आणि चावड्यांवर वाचली. स्वहस्ते मजकूर पुन्हा कुणाकडून लिहून घेतला नाही. लिहिता येणारा समोर बसला तरी अंगठाच घ्यायचो आणि शेरा मारायचो, 'निरक्षर'. नव्या ट्रान्सलेटरना मी एवढंच सांगत असे की नियमाने कागद पुरा करायच्या आधी, तो कागद पुढे कुणाच्या टेबलावर जाणार ते विचारून घ्या.

खटला झाला त्याच दुपारी मी भावाला पत्र टाकलं होतं. चार दिवसांनी उत्तर आलं. वाल यंदा चांगले आलेत, शेंगा भरल्यात, तू ये. तुरुंगातल्या कैद्याला पत्र लिहायची सरकारी नोकराला सोय नव्हती, आणि अलिबागेत माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. मी ते कार्ड खिशात घालून खाणावळीत गेलो. बाईंनी ताट ठेवलं आणि तोंड फिरवलं. मी त्यांच्या पाठीला म्हणालो, "वाल चांगले आलेत."