अकरा नंबरच्या दीदीचा डावा पाय

मी रायपूरला गेलो तो भाचीला एका निर्णयापासून परावृत्त करण्यासाठी. हे आरंभीच सांगितलेले बरे. प्रेक्षणीय स्थळांची यादी शोधणाऱ्या वाचकाची इथे निराशा होईल. माझी धाकटी बहीण नलू समता कॉलनीत राहते. तिची मुलगी वैदेही नवा रायपूरमधील एका कार्यालयात कंत्राटी नोकरीवर आहे आणि आता कायम होण्याच्या बेतात आहे. नेमके याच वेळी तिला ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या राष्ट्रीय निवड शिबिराचे बोलावणे आले. शिबिर कोलकात्याला, दोन महिन्यांचे, आणि कंत्राटी नोकरीत एवढी रजा मिळणे कठीण. होकार किंवा नकार सोमवारपर्यंत कळवायचा.

“दादा, तू जिंदगीभर पोरांना तर्कशास्त्र शिकवलं,” नलू फोनवर म्हणाली. “आता घरच्या पोट्टीले शिकव. माहं तं ऐकूनच नाही राहिली.”

आमच्या घरात वाद मिटला नाही की थोरल्या मामाला बोलावतात, आणि तो जे म्हणेल ते दोन्ही पक्ष मानतात. वैदेहीनेही ते मान्य केले होते.

शुक्रवारी दुपारी नागपूरहून जलद गाडी घेतली. हा प्रवास करू इच्छिणाऱ्यांनी दिवसाचीच गाडी निवडावी आणि तिकीट आठवडाभर आधी काढावे. गोंदिया मागे पडले की जंगल रुळांच्या जवळ येते, डोंगरगडला टेकडीवरचे देऊळ खिडकीतून दिसते, आणि दुर्गच्या सुमारास धुराडी सुरू होतात. भाडे साध्या गाडीपेक्षा बरेच अधिक आहे. परंतु अंधार पडण्यापूर्वी आपण रायपूरला असतो. स्थानकाबाहेर ई-रिक्षावाला पहिला आकडा सांगेल तो ऐकून घ्यावा आणि शांतपणे चालू लागावे. दुसरा आकडा मागून येतो.

शनिवारी सकाळी जाग आली तेव्हा दिवाणखान्यात वैदेहीच्या संघातल्या आठ-दहा मुली जमिनीवर बसलेल्या होत्या. मेलबर्नची दुपार ही आपली सकाळ असल्यामुळे सामने नाश्त्याच्या वेळेला असतात. फोनवरचे चित्र टीव्हीवर घेतलेले होते, मधोमध जिलेबीचा पुडा आणि टोमॅटोच्या चटणीसह चीला, म्हणजे तांदळाच्या पिठाचे धिरडे. रायपूरला जाऊन हा चीला न खाणे अक्षम्य आहे.

खेळ मला समजावून घ्यावा लागला. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब. चेंडू हातात घेऊन पळता येते, पण फेकता येत नाही. पायाने मारावा लागतो किंवा मुठीने ठोसावा लागतो. मधल्या दोन खांबांतून पायाने गेला तर तो गोल, सहा गुण. या मुली ज्या खेळाडूसाठी जमल्या होत्या तिचे नाव मी देत नाही, कारण या घरात ते कोणी उच्चारतही नाही. तिच्या पाठीवर अकरा हा आकडा आहे आणि तिला सगळ्या ‘दीदी’ म्हणतात. दीदी पडली की खोलीतला आवाज बंद होतो. ती उठली की कोणीतरी जिलेबी उचलते.

“ही तुमची दीदी पूर्वीपासून फक्त खेळतच आली आहे का?” मी विचारले.

“नहीं मामाजी, नर्स थी,” संघाची कर्णधार सुमन म्हणाली. ती सिलतऱ्याची. “सुबह ड्यूटी, शाम को प्रॅक्टिस.”

“मंग तिनं नोकरी नाही ना सोडली,” स्वयंपाकघरातून नलू म्हणाली. “ते सांग न मामाले.”

“छोड़ी ना चाची. जिस साल टीम में आई, उसी साल.”

स्वयंपाकघरात झाकण आपटले.

सामन्यात दीदीने तीन गोल केले. तिन्ही उजव्या पायाने. मी याची नोंद केली ती केवळ सवयीने.

दुपारी मुलींच्या सरावासाठी सिलतऱ्याला, शहराबाहेरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, निघालो. बिलासपूर रस्त्यावर अवजड ट्रक सतत असतात. दुचाकीचा हट्ट धरू नये आणि पांढरे कपडे घालू नयेत. शहरातली मैदाने क्रिकेटवाल्यांनी व्यापलेली, म्हणून या मुलींना एका बंद पडलेल्या कारखान्यामागची मोकळी जागा मिळाली आहे. खांब बांबूचे, आणि गवतावर आसपासच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ. दहा मिनिटांत माझ्या चष्म्यावर ती बसली.

सराव सुरू झाला आणि मला एक विलक्षण गोष्ट दिसली. सगळ्या मुली चेंडू डाव्या पायाने मारत होत्या. झाडून सगळ्या.

“हे कोणी शिकवलं?” मी विचारले.

“दीदीने,” असे म्हणत सुमनने अभिमानाने फोनवरची जुनी चित्रफीत दाखवली. त्यांना प्रशिक्षक नव्हता तेव्हा या एकाच चित्रफितीवरून त्या शिकल्या होत्या. तीत दीदी खरोखरच डाव्या पायाने मारत होती. मी ती पुन्हा लावायला सांगितली. कडेच्या प्रेक्षकांपैकी एकाच्या टोपीवरची अक्षरे उलटी होती. चित्रफीत टाकणाऱ्याने ती आरशासारखी फिरवून टाकली होती, आणि पाठीवरचा अकरा फिरवला तरी अकराच दिसतो, म्हणून कोणाला शंका आली नाही.

मला हवा होता तो मुद्दा हाती आला. मी वैदेहीला बाजूला बोलावले.

“तुझ्या निर्णयाचा पाया या खेळाडूबद्दलचा आदर आहे. तो आदर इतका आंधळा आहे की तिचा पाय कोणता हेही तुम्ही तपासलं नाही. सकाळी तिने तिन्ही गोल उजव्या पायाने मारले. अशा आधारावर हातची नोकरी सोडणं योग्य आहे का?”

तिने मोजे वर ओढले.

“मामा, ते तं आम्हाले दोन वर्षांपासून माहीत आहे.”

“मग बदललं का नाही?”

“काहून बदलायचं? पहिली लाइव्ह मॅच पाहिली तेव्हा आम्ही खूब हसलो. सुमन तं रडली. मग उजव्यानं मारून पाहिलं. पण तोपर्यंत पाय तयार होऊन गेला होता. आणि समोरची टीम उजवा पायच अडवायले येते ना, डावा मोकळा राहते. आम्ही जिंकून राहिलो, मामा.”

“म्हणजे दीदीचं तुम्ही काहीच घेतलं नाही.”

“घेतलं ना. ती चुकली तरी परत मारते. तिचा पाय नाही, ते घेतलं.”

मग ती तिरकस कोपऱ्यात गेली, जिथून दोन बांबूंमधली फट मला जेमतेम दिसत होती. पहिला चेंडू बाहेर गेला. दुसराही. तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिसरा आत गेला.

गृहीतक खोटे ठरले म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, हे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगितले आहे. तिची तयारी खरी होती. त्या तयारीचा उगम चुकीच्या चित्रफितीत होता, एवढेच. आणि माझा मुद्दा त्या तयारीला स्पर्शही करत नव्हता.

रविवारी सकाळी नलू मला सदर बाजारात घेऊन गेली. तिथे दुकानाच्या पायरीवर उभे राहूनच बोलावे लागते, कारण दुचाक्यांच्या गर्दीत चालता येत नाही. एका सराफाच्या दारात मी तिला माझे मत सांगितले: वैदेहीने जावे.

“तुले मी वकील म्हणून बोलावलं होतं,” ती म्हणाली. “तू तं साक्षीदार होऊन आला.”

“तू पाहायला गेली आहेस का कधी?”

“मले पाहून काय करायचं? गेली नोकरी परत येत असते का? ह्यांच्या पेन्शनीत किती दिवस भागन?”

नोकरी जाण्याचा धोका खरा आहे, हे मी मान्य केले. परंतु तो धोका वैदेहीला ठाऊक आहे आणि तिने तो तपासला आहे, हेही सांगितले. नलूने पदर खांद्यावर घेतला.

“ठीक आहे. बोलावलं मीच. मानावं लागन.”

संध्याकाळच्या गाडीने नागपूरला परतलो. सोमवारी दुपारी तिचा फोन आला. कार्यालयाने रजा नाकारली आणि वैदेहीने तिथेच बसून राजीनामा लिहिला.

“आता हे तुह्यावर,” नलू म्हणाली.

“माझ्यावर,” मी म्हणालो.

या सहलीतून माझ्याजवळ राहिले ते हे. सामने मी आता शनिवारी सकाळी पाहतो आणि अकरा नंबरची दीदी पडली की माझाही चहा थांबतो. पण हा भाग गौण आहे. मुख्य गोष्ट ही की वैदेहीची निवड होईल की नाही हे मला माहीत नाही, आणि न झाल्यास माझा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. नलूला हे पटत नाही. ती दर दोन-तीन दिवसांनी फोन करते, कोलकात्याची खबर देते आणि शेवटी विचारते, “आता काय म्हणतो?”

मी तेच म्हणतो. ती फोन ठेवते, आणि पुन्हा करते.