चारमिनारचे दोन रुपये

"थांबा, त्याला बोलू द्या," असं म्हणून आमचे शेजारी सराफ जुना रुपया बोटाच्या टोकावर तोलून धरत आणि दुसऱ्या रुपयानं त्याला हलकेच टिचकी देत. मग मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत. अस्सल चांदी बराच वेळ किणकिणत राही. खोटा रुपया एकदाच ठप्प करी आणि गप्प बसे.

मुखेडच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. तुम्ही कधी आठवडी बाजाराला तिकडं आला असाल तर त्यांना पाहिलंही असेल. कोणी मोबाईलवर रुपयाचा फोटो दाखवून खरा की खोटा विचारलं, की ते मोबाईल कानाला लावून म्हणत, "काई ऐकू येईना, बाबा."

खोट्या रुपयांचा त्यांना राग नव्हता, याचं मला मोठं नवल वाटे. उलट एका डबीत त्यांनी ते जपून ठेवले होते. गिऱ्हाईक नसलं की मला हाक येई, "मास्तर, या. बघा, बेट्यानं किती मेहनत घेतली." मग भिंगातून दाखवत. साच्यात ओतलेल्या रुपयाची अक्षरं सुजल्यासारखी दिसतात. कडेचे दाते कानशीनं पाडलेले, म्हणून एकसारखे येत नाहीत. मला त्या दात्यांचा असा नाद लागला की इकडं लोकांच्या बाह्या आखूड व्हायला लागल्या.

एकदा जवळच्या खेड्यातले दोघं भाऊ म्हाताऱ्या आईला घेऊन आले. निजामाच्या वेळचे चारमिनारचे दोन रुपये महालक्ष्म्यांपुढं ठेवायची त्यांच्या घरची रीत होती. भाऊ वेगळे निघाले तेव्हा एकेक रुपया वाटून घेतला. यंदा धाकट्याच्या बायकोनं सणासाठी रुपया चिंचेनं घासला, तर चांदीचं पाणी उडून खालचा काळपट धातू दिसला. थोरल्यानंच रुपया बदलला, असं धाकटा गावभर सांगत होता. दोन्ही घरांचं येणंजाणं बंद झालं होतं.

"मामा, हा बदललेला हाय का न्हाई, तेवढं सांगा," धाकटा म्हणाला.

सराफांनी दोन्ही रुपये वाजवले. थोरल्याचा किणकिणला, धाकट्याचा ठप्प झाला. थोरल्याची मान खाली गेली. आई पदर मुठीत आवळून बसली होती. मला तिच्याकडं बघवेना.

सराफांनी सुई घेतली. आधी खोट्या रुपयाच्या अक्षरांतला मळ कोरून काढला, मग खऱ्याच्या. दोन्ही कागदावर शेजारी ठेवून भिंगातून कितीतरी वेळ पाहिलं.

"हळदीकुंकू हाय हे, दगड झालेलं," ते म्हणाले. "थरावर थर. दोन्हींत सारखंच. असं बसायला लई वर्षं लागतात. हा रुपया पहिल्यापासूनच खोटा हाय. तुमच्या आज्याला कुणीतरी गंडवलं. घरात कुणी काई बदललं न्हाई."

"म्हंजी मी खोट्याच्या पाया पडून राहिले होते?" आईनं विचारलं.

"पाया लक्ष्मीच्या पडलात, माय. रुपयाच्या कुठं?"

थोरल्यानं खोटा रुपया उचलला. "हा ऱ्हाऊ दे माझ्याकडं."

"न्हाई दादा, माझ्या वाटणीचा हाय," म्हणत धाकट्यानं त्याचा हात धरला. दोघं परत भांडायला लागले.

"दर साली अदलाबदल करा आन् जावा आता," सराफ वैतागून म्हणाले.

सराफ गेले, त्यांच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. त्यांची फार आठवण येते.

परवा महालक्ष्म्यांच्या तोंडावर तो धाकटा आला. नवी पाटी बघून माझ्याकडं चौकशी केली आणि बातमी ऐकून बाकावर बसून राहिला. मग रुमालाची गाठ सोडून त्यानं रुपया माझ्या हातात दिला.

"आत्ताच दादाकडून आणला. यंदा खोटा आमच्याकडं हाय."

मी तो बोटाच्या टोकावर तोलला आणि टिचकी दिली. ठप्प झालं. तरी आम्ही दोघं मान तिरकी करून बराच वेळ ऐकत राहिलो.